येते म्हणालीस ना?

१

आमच्या चतुराबाईला मी आठवड्यातून तीन-चारदा तरी मरणाच्या दारात नेऊन परत आणते, आणि तेही जेवणाच्या सुट्टीआधी.

घाबरू नका. चतुराबाई म्हणजे डमी. रबराची कातडी, डोक्याला चढवलेला, मानेवर रुळणारा पांढऱ्या केसांचा विग, वर-खाली होणारी छाती, मनगटावर लागणारी नाडी. आमच्या नर्सिंग कॉलेजच्या सिम्युलेशन लॅबमध्ये ती पलंगावर पडून असते आणि शेजारच्या कंट्रोल रूममध्ये मी बसते. मधे काच आहे. माझ्या बाजूने मला सगळं दिसतं, पोरींना मात्र त्या काचेत स्वतःचंच तोंड दिसतं. माइकचं बटण दाबायचं, कण्हायचं, 'शिस्टर, दम लागतोय' म्हणायचं. तिचा आवाज पलंगाच्या उशापाशी ठेवलेल्या स्पीकरमधून येतो. तिची नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, सगळं माझ्या कॉम्प्युटरवरून ठरतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

त्याआधी मी उभी हयात वॉर्डात काढली, त्यामुळे शेळ्या कुठे अडतात ते मला ठाऊक आहे. पुस्तकातला पेशंट लक्षणं सांगतो. आपल्याकडचा खरा पेशंट, पेठचा असो की लासलगावचा, छातीत कळ येत असली तरी 'बरं हाय' म्हणतो, कारण शिस्टरला कशाला त्रास द्यायचा! म्हणून माझ्या लॅबमध्ये चतुराबाईसुद्धा आधी 'बरं हाय' म्हणते. जी पोरगी त्यावर समाधान मानून वळते, तिची चतुराबाई पाच मिनिटांत निळी पडते.

दुसरा नियम निघतानाचा. पांघरूण नीट करायचं, घंटी हातात द्यायची आणि 'येते' म्हणायचं. 'जाते' नाही. घरातून निघताना आपण म्हणतो तसंच. आजारी माणसाच्या उशाशी उभं राहून 'जाते' म्हणणाऱ्या मुलीला मी दारातून परत पाठवते, मग ती कितीही हुशार असो.

२

त्या बुधवारच्या सरावात निकिता नर्स झाली होती. निकिता पेठ तालुक्यातली, डोंगरातल्या गावची. घरात नागली-भाताची शेती, आणि शहरात शिकायला आलेली ती पहिलीच. बोलायला मऊ, हाताला पक्की. हर्षाली चतुराबाईची सून झाली होती. हर्षाली नाशिक रोडची, कॉलनीत वाढलेली, तिला भांडायची भूमिका द्यावी लागत नाही, ती घेऊनच येते.

"आम्ही यांना घरी नेणार," हर्षाली कमरेवर हात ठेवून म्हणाली. "रोज नव्या तपासण्या काढता तुम्ही!"

निकिताने तिला हाताला धरून बाजूला घेतलं, खुर्ची दिली, सासूबाईंच्या पायावर बोट दाबून सूज दाखवली, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना फोन केला. मी काचेमागून खूश. मधेच तिने माझ्याकडे, म्हणजे चतुराबाईकडे, वाकून विचारलं, "आजी, खरं सांगा, बरं हाय का नुसतं म्हणताय?"

याआधी एकदा तिनेच मला सुनावलं होतं, "मॅडम, तुमची चतुराबाई ना पेठची, ना निफाडची. टीव्हीवरची वाटते." मी हसले होते. मी पंचवटीत जन्मलेली, मला खेड्याचं बोलणं कुठून येणार? जमेल तसं तोंड वाकडं करते.

प्रसंग संपला. मी माइकवरचा हात काढला आणि पाण्याची बाटली उघडली. तिकडे निकिताने पांघरूण सारखं केलं, घंटी हातात दिली.

"येते हं, आजी."

"कधी?"

स्पीकरमधून आवाज आला. माझा आवाज, तोंड वाकडं करून काढलेला, टीव्हीवरचा. माझ्या तोंडात पाण्याचा घोट होता.

'येते' म्हटल्यावर कोणी 'कधी' विचारत नाही. आपल्यात ती पद्धतच नाही. 'येते'ला उत्तर 'ये', नाहीतर 'बरं'. निकिता दारातून वळली. तिच्या बॅचची पुढची पाळी शनिवारी होती, आणि वडीलधाऱ्यांनी विचारलं की उत्तर द्यायचं एवढं तिला कळत होतं.

"शनिवारी येते, आजी."

"वाट बघते," चतुराबाई म्हणाली.

३

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि मी भित्री नाही. बटण अडकलं असेल. सकाळचं एखादं रेकॉर्डिंग मधेच वाजलं असेल. पाणी पिता पिता मीच बोलले असेन, वय झालं. मी मनाशी अशी सगळी कारणं मांडली आणि त्यातलं शेवटचं सोडून सगळी मला पटली.

दुसऱ्या दिवशी मी महेशला बोलावलं. तो आमचा टेक्निशियन, स्वभावाने कंटाळलेला. त्याने माइक उघडून पाहिला, बंद केला, सॉफ्टवेअर नव्याने चढवलं.

"मॅडम, माइकमध्ये काही नाही. रेकॉर्डिंगही नाही."

"मग बोललं कोण?"

"तुम्हीच बोलला असाल."

"स्पीकरची वायर काढून ठेव."

त्याने वायर काढली, गुंडाळून टेबलावर ठेवली आणि चहाला गेला. मी काचेतून आत पाहिलं. लॅबला खिडकी नाही, पूर्वी त्या जागेत द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज होतं, भिंती जाड आहेत. दिवसाही ट्यूबलाइट लावल्याशिवाय काही दिसत नाही. पलंगाशेजारच्या मॉनिटरवर नाडीचा आकडा चालू होता. माझा कॉम्प्युटर तर बंद होता.

मी कॉम्प्युटर लावला आणि चतुराबाईची नाडी ऐंशीवर आणली. मॉनिटर ढिम्म. तिथे त्र्याण्णव होते, मग एक्क्याण्णव, मग चौऱ्याण्णव. डमीची नाडी अशी हलत नाही. सांगितलेला आकडा धरून ती सरळ चालते. हलते ती माणसाची.

तेवढ्यात दार वाजलं. निकिता.

"मॅडम, उद्याचा पाठ मी नंतर दिला तर चालेल का? जरा गळाल्यासारखं वाटतंय."

वॉर्डाची सवय. माझी बोटं तिच्या मनगटावर गेलीसुद्धा. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मोजलं. त्र्याण्णव. मग तिच्या खांद्यावरून काचेपलीकडे पाहिलं. आकडा तोच होता.

योगायोग, मी म्हटलं. जगात त्र्याण्णव नाडीची माणसं ढिगाने असतील. मग मला माझ्याच विचाराचा राग आला आणि मी पायाने खुर्ची ढकलून दिली. ती भिंतीवर धाडकन आदळली, निकिता दचकली, माझ्या बोटाखाली तिची नाडी उसळली आणि काचेपलीकडचा आकडा तिच्याबरोबर उसळला.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. जेवलीस का?"

"बरं आहे मला," ती म्हणाली. मी काय विचारलं तेही तिने ऐकलं नव्हतं.

४

शुक्रवारी तिला चालवेना. आमच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं. ईसीजी काढला, रक्त तपासलं. नाडी मंद आहे, बाकी काही नाही, अशक्तपणा, असं म्हणून सलाइन लावलं आणि होस्टेलवर परत पाठवलं. मी त्या डॉक्टरांना काय सांगणार होते? की तुमच्या पेशंटची नाडी आमच्या डमीकडे आहे? त्यांनी मलाच सलाइन लावलं असतं.

हर्षालीने मला जिन्यात गाठलं. एरवी हिच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, आज आवाज बसला होता.

"मॅडम, ती सारखी एकच म्हणते. उद्या जायचंय, आजीला शब्द दिलाय. मी म्हटलं, अगं कुठली आजी? तर म्हणते, तू सून ना तिची, तुला माहीत नाही?"

"आणखी काय म्हणते?"

"म्हणते, वाट बघणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवू नये."

मी लॅबमध्ये जाऊन मॉनिटर पाहिला. अठ्ठावन्न. त्याचा प्लग मी स्वतःच्या हाताने काढला. अठ्ठावन्नच राहिले.

आता सांगते, तेव्हा मला काय वाटलं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू?  पण तिच्यावर जे चढलं तो संताप होता. वॉर्डात मी मरण भरपूर पाहिलंय. ते आजाराच्या वाटेने येतं, वयाच्या वाटेने येतं, रस्त्यावरच्या ट्रकच्या वाटेने येतं. त्याच्याशी आपण आपल्या परीने झगडतो आणि हरलो तर हात जोडतो. पण एका पोरीने चांगल्या वळणाने 'येते' म्हटलं, आणि तेवढ्या शब्दाला धरून कोणी तिला ओढून न्यायचं? हा कुठला न्याय? गरिबाघरची पोर, बापाने पोटाला चिमटा घेऊन शिकवलेली. ती माझ्या हाताखाली होती. मी तिला तशी सोडणार नव्हते.

शनिवारची बॅच मी रद्द केली. हर्षालीला सांगितलं, "दुपारी बारापासून तिच्या पलंगावर बसायचं. मनगट सोडायचं नाही. फोन चालू ठेवायचा. ती उठायला लागली तर अंगावर बस, पण उठू द्यायची नाही."

"आणि तुम्ही, मॅडम?"

"मी चतुराबाईला भेटून येते," मी म्हटलं.

५

शनिवारी कॉलेज अर्धा दिवस. बाराला बसेस सुटल्या, मुली गेल्या, व्हरांड्यात झाडूवाल्या मावशींच्या बादलीचा आवाज तेवढा राहिला. मी लॅबचं दार उघडलं, दिवा लावला आणि दार आतून लावून घेतलं. फोन स्पीकरवर टाकून पलंगाच्या कडेला ठेवला.

चतुराबाई होती तशीच होती. हातात घंटी. छाती वर-खाली होत होती. तिची बॅटरी महेशने आदल्या दिवशी काढून कपाटात ठेवली होती.

"कोन हाय?" स्पीकर म्हणाला. त्याची वायर टेबलावर गुंडाळलेली मला दिसत होती.

"सविता सिस्टर."

"निकिता कुठं हाय?"

"ती येणार नाही."

"येते म्हनली व्हती."

स्वतःचाच आवाज, तोही नकली, आपल्याशी हुज्जत घालतो तेव्हा काय होतं ते सांगता येत नाही. मला पहिल्यांदा त्या टीव्हीवरच्या बोलण्याची लाज वाटली.

"म्हणाली," मी म्हटलं. "सगळेच म्हणतात. दुकानातून निघताना वाण्यालाही म्हणतात. तो काय हिशेब मागतो का?"

"मी वाट बघतेय."

"मॅडम," फोनमधून हर्षाली म्हणाली, "नाडी आणखी खाली गेलीये. नीट लागत नाहीये हाताला. कोणाशी बोलताय तुम्ही?"

"मनगट सोडू नकोस."

मॉनिटरवर अठ्ठेचाळीस होते. प्लग जमिनीवर पडला होता.

मग माझ्या लक्षात आलं की हा आवाज रबराच्या तोंडातून येत नाही. तो कधीच येत नव्हता. तो काचेमागून येतो, माझ्या खोलीतून, जिथे बसून मी तीन वर्षं तो काढला. आणि ती काच म्हणजे काही जादू नाही. जिकडे उजेड तिकडचं दिसतं. लॅबमध्ये अंधार केला आणि पलीकडे दिवा असला, तर इकडून तिकडचं दिसणार. पोरींना हे माहीत नसतं. मला आहे.

मी पलंगाशेजारच्या भिंतीपाशी गेले आणि ट्यूबलाइट बंद केली.

काचेत पलीकडची खोली उभी राहिली. टेबलावरचा छोटा दिवा चालू होता. मी तो लावला नव्हता. माझी खुर्ची पाठमोरी होती, आणि खुर्चीत कोणीतरी माइककडे वाकून बसलं होतं. पांढरे केस मानेवर. अंगात पाठीवर उघडा असतो तसला हिरवा गाऊन, नाड्यांची गाठ पोरी मारतात तशी वेंधळी. गाऊनच्या फटीतून कमरेच्या वर चौकोनी खाच दिसत होती. बॅटरीची. आत काळोख होता.

मी मागे हात नेऊन पलंग चाचपला. चादर होती. घंटी होती. बाकी गादी सपाट लागली.

मान वळायला लागली. मी दिवा लावला.

६

उजेडात सगळं जागच्या जागी. चतुराबाई पलंगावर, काचेत माझं पांढरंफटक तोंड. खरं सांगते, डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. माझ्या खुर्चीत बसतेस? माझ्या आवाजात माझ्या पोरीला बोलावतेस?

"शनिवार झाला," स्पीकर म्हणाला.

"मॅडम!" हर्षाली आता रडत होती. "मॅडम, ती उठायला बघतेय. हात गार पडलाय. म्हणते, उशीर झाला."

"फोन तिच्या कानाला लाव. निकिता? ऐकतेस ना?"

"मॅडम," लांबून यावा तसा तिचा आवाज आला. "येते म्हणाले होते मी."

"ठाऊक आहे. आता तिला सांग, जाते म्हणून."

मी फोनवर वाकले.

"निकिता, मी काय सांगतेय? म्हण, आजी, मी जाते."

"असं कसं म्हणू, मॅडम?" ती म्हणाली. जीव जात होता आणि ही संकोचत होती! "आजारी माणसाला असं म्हणतात का? अशुभ असतं. आई म्हणते, तुम्हीही म्हणता."

"मी म्हणते ना, मग आज मीच सांगतेय, म्हण!"

"ती वाट बघतेय, मॅडम."

"बघू दे! जन्मभर बघू दे! वाट बघणारं माणूस मोठं आणि तू काय रस्त्यावर पडलीस? तुझी आई वाट बघत नाही? ती डोंगरातल्या घराच्या ओट्यावर बसून दिवाळीच्या सुट्टीची वाट बघतेय, ती कोण मग? सोड ते वळण! मेल्यावर वळण घेऊन काय करशील? म्हण!"

मॉनिटरवरचा आकडा एकेक खाली चालला होता. चतुराबाईची छाती आता जोरात हलत होती, धाप लागल्यासारखी, आणि स्पीकरमधून कोणी श्वास रोखून ऐकावं तशी खरखर येत होती.

"आजी," निकिता म्हणाली. "मी जाते."

काही झालं नाही.

"पुन्हा! मोठ्याने!"

"जाते मी, आजी!" पोरीने हंबरडा फोडला. "जाते! येत नाही! वाट बघू नका!"

स्पीकरमधली खरखर थांबली. छाती थांबली. मॉनिटर काळा पडला. मी पलंगाची दांडी घट्ट धरून उभी राहिले आणि फोनकडे बघत राहिले. त्यातून बराच वेळ नुसते दोघींचे हुंदके येत होते. त्यातला कुठला कोणाचा ते कळेना.

"मॅडम," शेवटी हर्षाली म्हणाली. "लागली. नाडी लागली, मॅडम, चांगली ठणठणीत. पाणी मागतेय. मला म्हणतेय, मनगट सोड, दुखतंय."

"दे पाणी," मी म्हटलं, आणि फोन बंद करून मीही रडून घेतलं. कोणी बघत नव्हतं, निदान माणूस तरी.

७

रडून झाल्यावर मी पदराने तोंड पुसलं. पांघरूण सारखं केलं. घंटी हातातून निसटली होती, ती परत हातात दिली. हे सगळं माझ्या हातांनी आपणहून केलं, मी मनात निकिताला रात्री काय खायला द्यायचं ते ठरवत होते. मग मी दाराकडे वळले, कडी काढली, आणि उभ्या हयातीची सवय लागलेलं माझं तोंड बोलून गेलं.

"येते हं."

"कधी?"

या वेळी स्पीकरमधून नाही. उशीवरून.

मी वळले नाही. मला 'जाते' म्हणता आलं असतं. आत्ताच तर ते मी ओरडून ओरडून शिकवलं होतं. जिभेवर आलंही होतं. पण सोमवारी दुसरी बॅच येणार होती. माझ्याच हाताखाली तयार झालेल्या, चांगल्या वळणाच्या, पेशंटला कधीही 'जाते' न म्हणणाऱ्या वीस पोरी. मी सुटले असते, तर हिने त्यांच्यातली एक धरली असती. लॅब बंद करा म्हटलं असतं तर कारण विचारलं असतं, आणि कारण ऐकून लॅब राहिली असती आणि मीच बंद झाले असते. मग माझ्या जागी माइकवर कोणीतरी नवीन, यातलं काहीच ठाऊक नसलेली.

"सोमवारी," मी दाराकडे तोंड करूनच म्हटलं. "दहाला. आणि त्यानंतर रोज. माझी ड्यूटी आहे इथे. पण नीट ऐकून घे, बाई. इथून पुढे जे विचारायचं ते मला विचारायचं. पोरींना एक शब्द नाही. माझ्या पोरींना पुन्हा काही विचारलंस, तर दोन तुकडे करून भंगारात घालीन, मग तू कोणी का असेनास."

मागे मॉनिटर उजळल्याचा हिरवा प्रकाश दाराच्या लाकडावर पडला. आकडा किती होता ते मी पाहिलं नाही. माझी बोटं माझ्याच मनगटावर होती आणि मला मोजता येतं. मी बाहेर पडून कुलूप लावलं.

रविवारी मी निकिताला घरी बोलावून मुगाची खिचडी खाऊ घातली. तिने दोनदा वाढून घेतली. तिला त्या दिवसाचं फारसं आठवत नव्हतं, आणि मी आठवण करून दिली नाही.

सोमवारी दहाला दुसरी बॅच लॅबच्या दारात उभी होती. इस्त्रीचे एप्रन, तेल लावून चोपून बसवलेले केस, हसणं-खिदळणं. कडेला निकिता आणि हर्षालीही येऊन उभ्या होत्या, कोणी बोलावलं नसताना. मी कुलपात किल्ली फिरवली. आत ट्यूबलाइट चालू होती. एक पोरगी घाईने पुढे झाली, तिला मी दंडाला धरून मागे घेतलं.

"थांबा इथेच," मी म्हटलं. "आधी मी जाते."